इंजिन बाहेर काढण्याचा कार्यक्रम

१ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी वही लिहायला सांगितली आहे. राग आला की लिहून काढायचं, कुणाला दाखवायचं नाही. बर्फवाल्याचा दात पडला, त्यावरून हिने मला त्यांच्याकडे नेलं. वास्तविक तो दात आधीपासून हलत होता. मी रागीट माणूस नाही. आवाज मोठा आहे, कारण सगळं आयुष्य इंजिनाशेजारी गेलं. त्यामुळे वहीत लिहिण्यासारखं फारसं काही निघणार नाही. तरी जाड पुठ्ठ्याची घेतली.

४ फेब्रुवारी
आज बोट जवळजवळ गेलीच होती. आमच्या बोटीचं इंजिन आत, अगदी मागच्या टोकाला. त्याचा पंखा फिरवणारा पाय मागच्या भिंतीला भोक पाडून बाहेर पाण्यात सोडलेला. त्या भोकाला पाणी अडवणारा रबरी बूट असतो. तो फाटला. मासळी घेऊन परतताना पोटऱ्यांपर्यंत पाणी. मी आणि मेव्हणा बादल्यांनी उपसत किनाऱ्याला लागलो.
मेव्हणा म्हणाला की बूट बदलायला हवा, हे तो केव्हापासून सांगतोय. त्या ‘केव्हापासून’ला माझ्या हातातली बादली सुटली आणि त्याच्या कानाला लागली. बोट हलत होती.
निर्णय: इंजिनच बाहेर काढायचं. पाय काढायचा, भोक कायमचं बुजवायचं आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून लावायचं इंजिन, टांगायचं. सगळं यंत्र बोटीच्या बाहेर. बूट नाही, पाणी नाही, कटकट नाही. आत मोकळी झालेली जागा मासळीला. आठवड्याभराचं काम.

५ फेब्रुवारी
बोट शेडमध्ये चढवली. तिथेच सभा भरवली. सभा म्हणजे मी, ही आणि कानाला पट्टी लावलेला मेव्हणा. आउटबोर्डला तो तयार आहे. (मला वाटलं होतं भांडेल. थोडी निराशा झाली.) पण त्याचं म्हणणं, आउटबोर्डचं अख्खं वजन मागच्या भिंतीला लटकणार, फायबरच्या आतलं लाकूड इतकी वर्षं पाण्याशेजारी आहे, तेव्हा फायबरवाल्याकडून एकदा तपासून घेऊ.
मी भिंतीवर बुक्की मारून दाखवली. दणदणीत. तपासणी झाली.
ही म्हणाली, बोट बाबांची आहे, जरा जपून. सासरे जाऊन चार वर्षं झाली, तरी बोट बाबांचीच. मी म्हटलं, बोट कुणाची का असेना, डोकं माझं आहे. त्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहिली.
हाताला सूज आहे. लिहायला त्रास होतो.

८ फेब्रुवारी
पाय काढला. नट गंजून बसले होते. मेव्हण्याने तेल सोडलं आणि म्हणाला, उद्यापर्यंत मुरू दे. मी चहा होईपर्यंत मुरू दिलं. मग हातोडा घेतला. मग मोठा हातोडा. मग शेजारच्या बोटवाल्याचा घण. त्याने तो दिला असं म्हणता येणार नाही, पण मी घ्यायला गेलो तेव्हा तो मागे सरकला, म्हणजे हरकत नसावी.
पाय निघाला. दोन तुकड्यांत. उद्या एक गिऱ्हाईक तो न्यायला येणार होतं. एवढ्या चांगल्या पायाला घणाचा मार सोसू नये, ही बनवणाऱ्याची चूक.
मेव्हणा हसला नाही. पण त्याने तोंड फिरवलं, म्हणजे हसलाच. मी पाना फेकला. तो ट्यूबलाइटला लागला. हिने विचारलं तेव्हा मी सांगितलं की नेम ट्यूबलाइटवरच होता.
संकल्प: उद्यापासून काम सुरू करण्याआधी दहा दीर्घ श्वास.

९ फेब्रुवारी
पाच झाले. सहाव्याला शेजारच्या बोटवाल्याने घण परत मागितला. माझा नाइलाज झाला. आता त्याच्या शेडचं दार बिजागरीवर नाही. बाकी दिवस शांत.

१२ फेब्रुवारी, दुपार
आज इंजिन बाहेर आलं. काम यशस्वी. अपघात झाला, तो वेगळा विषय.
शेडच्या तुळईला कप्पी लावून साखळीने इंजिन उचललं. एका बाजूची साखळी ओढली की वर, दुसऱ्या बाजूची ओढली की खाली. बोटीच्या काठावरून ते मी सुरेख पार केलं. एक ओरखडा नाही. खाली लाकडी ठोकळे मांडून ठेवले होते, त्यांवर टेकवायचं होतं. मेव्हणा ठोकळे सरळ करत होता. म्हणाला, “दाजी, थांबा, हात आत आहे.”
मी थांबलो. बराच वेळ थांबलो. तो परत म्हणाला, थांबा. सकाळपासून तो मला हेच म्हणत होता. थांबा दाजी, पट्टा बघू द्या. थांबा दाजी, पाणी पिऊ द्या. इंजिन कोण काढतंय, तो की मी?
साखळी ओढली गेली.
वर घ्यायचं तर उलट्या बाजूची ओढावी लागते आणि ती हळूहळू चढते. ती हिने धावत येऊन ओढली. मला ती बाजू पटकन सापडली नाही.
करंगळी आणि तिच्या शेजारचं. उजवा हात.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
दवाखान्यात मी शांत होतो. नर्सने विचारलं काय झालं. मी म्हटलं, बोटीचं इंजिन होतं. ती म्हणाली, कुठलं बोट? मी म्हटलं, मासेमारीची. ती म्हणाली, अहो, हाताचं कुठलं? असं तीनदा झालं. मग मी तिथली खुर्ची उचलली. फेकली नाही. रखवालदाराने माझ्या हातातून काढून घेतली आणि त्या ओढाताणीत त्याचा सदरा फाटला. आम्हा दोघांना बाहेर काढण्यात आलं. म्हणजे मला. तो तिथेच नोकरीला आहे.
बोटं जोडता आली नाहीत.

१३ फेब्रुवारी
ही बोलत नाही. मी सकाळी स्वतःहून विषय काढला. म्हटलं, झालं ते वाईट झालं, साखळी ओढली गेली. हिने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि माझ्याकडे वळली.
“गेली नाही. तुम्ही ओढलीत.”
एवढंच. पोळी जळली. ती मी खाल्ली. तक्रार केली नाही, याची इथे नोंद असावी.
हिचं बघणं एका बाजूने होतं. मी दुसऱ्या बाजूला होतो. तिथून वेगळं दिसतं.

१७ फेब्रुवारी
मेव्हणा घरी पडून आहे. शेडमध्ये एकटाच गेलो. ठरवलं, आज शांतपणे भिंतीचं प्रकरण मिटवायचं. भिंत मजबूत आहे हे दाखवलं की निम्म्या तक्रारी संपतील आणि मेव्हण्यालाही बरं वाटेल.
हातोडीने ठोकून पाहिलं. आवाज मऊ आला. इंजिनामुळे माझे कान गेलेत. मग कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकलं. तसाच आवाज. मग पुढच्या बाजूने, हलकेच. पातं दांड्यापर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तर काळं पाणी आणि लाकडाचा लगदा, चहात पडलेल्या बिस्किटासारखा.
म्हणजे तो म्हणत होता तसंच.
त्यानंतर मी काही घाव घातले. किती ते सांगता येणार नाही. लगदा तोंडावर उडत होता, डोळ्यांत जात होता. हात वर होईनासे झाले तेव्हा थांबलो. बोटीला आता मागची बाजू नाही. आत उभं राहिलं की थेट रस्ता दिसतो. एक बाई भाजी घेऊन थांबली होती. मी बघितल्यावर गेली.
निष्कर्ष: भिंत खराब होती. हे माझ्यामुळे वेळीच लक्षात आलं.

२० फेब्रुवारी
ही फायबरवाल्याला घेऊन आली. हा माणूस दारात उभा राहिला की उजेड अडतो. त्याने बोटीला एक फेरी मारली आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, तपासणी. तो हसला. हसण्यालाही हरकत नव्हती, पण त्याने हिच्याकडे बघून हसायला नको होतं.
मी त्याची कॉलर धरली. नंतर मी खाली बसलो होतो. तो म्हणतो, त्याने मारलं. माझ्या आठवणीप्रमाणे जमिनीवर फायबर चिकटवायचं रेझिन सांडलं होतं. जबडा उघडत नाही. नाकातून बरंच रक्त आलं.
ही धावत पाणी घेऊन आली. पाणी त्याला दिलं. म्हणाली, काम सोडून जाऊ नका.

२१ फेब्रुवारी
शेडची किल्ली हिने घेतली. म्हणाली, बोट तिच्या आणि भावाच्या नावावर आहे, पुढचं ती दोघं बघतील. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, तुम्ही आराम करा.
माझ्या तब्येतीची हिला काळजी आहे. मी आराम करायचं मान्य केलं. मान्य करताना कपाटाच्या दाराला लाथ बसली. दार आत गेलं, आता उघडत नाही. माझे सगळे शर्ट आत.

२ मार्च
रोज कुंपणापाशी उभा राहून देखरेख करतो. काम माझ्याच योजनेप्रमाणे चाललंय. जुनं सगळं खरवडून काढलं. नवं जाड प्लायवुड घातलं, त्यावर काचेच्या कापडाचे थर आणि रेझिन. भोक होतं ती जागा आता हात फिरवला तरी कळणार नाही. म्हणजे असं वाटतं. मला हात फिरवता आलेला नाही.
मेव्हणा येतो. उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने घासकागद मारतो. आज नवं आउटबोर्ड बसवलं, भिंतीतून आरपार बोल्ट घालून. एक पाना त्याच्या हातातून सारखा निसटत होता. ही खाली वाकून उचलून देत होती. तो निसटायचा, ही उचलायची. मला ते बघवेना, म्हणून मी कुंपणावरून सूचना दिल्या. वारा उलटा होता, कुणाला ऐकू आलं नाही. लक्ष वेधायला शेडच्या पत्र्यावर दगड मारला. फायबरवाला बाहेर आला. मी तोवर निघालोच होतो.

९ मार्च
बोट पाण्यात गेली. मला बोलावलं नव्हतं, पण सगळ्या धक्क्याला माहीत होतं, म्हणजे बोलावल्यासारखंच.
मेव्हणा चाकाशी, ही पुढे. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. आवाज असा की नसल्यासारखा. लोक टाळ्या वाजवायला लागले. ज्याची कल्पना तो धक्क्यावर, आणि टाळ्या भलत्यालाच. बोट सुटली तशी मी उडी मारली.
उडी चांगली पडली. मेव्हण्याला म्हटलं, चाक दे. तो म्हणाला, दाजी, आज नको. मी त्याचा हात धरून बाजूला केला. कुठला हात धरतोय ते पाहिलं नव्हतं. तो ओरडला. असा ओरडला की लोकांच्या टाळ्या थांबल्या. मी सोडणारच होतो. तेवढ्यात हिने वल्ह्याने मला मारलं. एकदा पाठीत आणि मी वळलो तेव्हा एकदा तोंडावर. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. दुसरा फटका पहिल्यापेक्षा जोरात होता.
मी मागून पाण्यात पडलो. डोकं वर काढलं तर पंखा समोर, फिरत होता, पाणी मला त्याच्याकडे ओढत होतं. नव्या इंजिनाला एक लाल दोरी असते. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधतात, ओढली की इंजिन जागच्या जागी बंद. मेव्हण्याने ती ओढली.
सगळं एकदम शांत झालं. ही रडत होती ते ऐकू आलं. मेव्हणा भिंतीवरून वाकला, त्या नव्या भिंतीवरून, आणि त्याने हात खाली केला. डाव्या हाताने तो बोटीला धरून होता, म्हणून उजवा. पट्टी सुटून लोंबत होती. मी तो धरला. धरायला पुरत नव्हता. मी हातपाय मारायला लागलो.
“दाजी, पाय मारू नका. मी धरलंय.”
त्याला काहीतरी खडसावून सांगायचं होतं. तोंडात पाणी होतं.

१० मार्च
वल्ह्याबद्दल हिने माफी मागितली नाही. मी तिला ती मागण्याची संधी देत दिवसभर स्वयंपाकघरात बसलो. शेवटी तिने मला बटाटे सोलायला दिले.

२८ मार्च
बोट रोज जाते. ही आणि मेव्हणा. जाळं भरून येतं. आतल्या मोकळ्या जागेत पूर्वीपेक्षा दुप्पट क्रेट मावतात, हे मी म्हटलंच होतं. मागची बाजू वजनाने जरा खाली बसत होती, तर त्यांनी बॅटरी आणि नांगर पुढे नेले. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.
धक्क्यावरचा संपूर्ण कारभार आता माझ्याकडे आहे. बोट आली की दोर घ्यायचा, खुंटाला बांधायचा, क्रेट उतरवायचे. ही सांगते, पहिला क्रेट वजनकाट्यावर ठेवा, दुसरा ट्रकमध्ये. मी ठेवतो.
मी बांधलेली गाठ मेव्हणा उतरल्यावर सोडतो आणि स्वतः पुन्हा बांधतो. रोज. माझी गाठ चांगली असते. आज मी म्हटलं, पक्की आहे रे. तो हो म्हणाला आणि सोडायला बसला. तीन बोटांनी वेळ लागतो. तोवर मी क्रेट धरून उभा असतो.