धुवायचा राहिलेला स्वेटर

४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

हात सवयीने ‘सौ.’ लिहायला गेला आणि थबकला. असो. लाँड्रीत हॉटेलच्या चादरींचा ढीग पडलाय आणि इस्त्रीवाला रजेवर, म्हणून सध्या तुझे सासरे इस्त्री करतात. काल एका पँटच्या पायाला दोन-दोन धारा पाडल्या. मी म्हटलं, एवढ्या धारांत गिऱ्हाईक वाहून जाईल.

काळजी बटण्याची आहे. एवढंसं कुत्रं, पण दिवसभर पंजे चाटतं, पोट लालबुंद झालंय, कान झाडून झाडून हैराण. तुझ्या भाड्याच्या खोलीत कुत्रं चालत नाही म्हणून विश्वासाने आमच्या हवाली केलंस, आणि त्याची ही दशा. शेजारीण म्हणते, तेल चोळा. तो अजून इथल्या तुमच्या खोलीत, खुर्चीवरच्या स्वेटरवरच झोपतो. ऊन तापलं म्हणून तुझ्या नवऱ्याने त्या सकाळी काढून टाकलेला, आणि मग अपघाताचाच निरोप आला, तो स्वेटर. मी त्याला हात लावलेला नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आई

१२ फेब्रुवारी

ती. आईंना सा. न. वि. वि.

चष्म्याच्या कारखान्यात दिवसभर काचांवरचे ओरखडे शोधते. आता माणसांच्या चेहऱ्यावरही तेच दिसायला लागलेत.

बटण्याला तेलबिल काही लावू नका. आणि आपल्या खाजेच्या गोळ्या तर मुळीच नकोत, एवढ्याशा जिवाला बाधतील. आधी पिसवा आहेत का ते जनावरांच्या डॉक्टरांना बघू द्या. बाहेरून आला की ओल्या फडक्याने पंजे पुसून कोरडे करा. आणि बाबांना सांगा, ताटातलं काही द्यायचं नाही. टेबलाखालून देतात, मला माहीत आहे. त्यांचा मुलगाही तेच करायचा.

तुमच्या दोघांच्या मायेवरच चाललंय. ती आटू देऊ नका.

तुमची सून

१० मे

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पिसवा सापडल्या नाहीत. मग डॉक्टरीणबाईंनी दोन महिने एकच ठरावीक खाणं सांगितलं, दुसरा कण नाही. ह्यांनी मध्येच बिस्किट दिलं आणि शाळेतल्या पोरासारखी बोलणी खाल्ली. पण दोष खाण्यात नव्हताच. गाद्या, गालिचे, लोकर यांत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात म्हणे, त्यांची ही ॲलर्जी. ती मुळापासून जात नाही, सांभाळावी लागते, असं बाई म्हणाल्या. गालिचा काढला. अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात घालते.

राहिला स्वेटर. पिशवीत बांधून कपाटात ठेवला, तर बटण्या कपाटाशी बसून विव्हळला, अन्नाला शिवला नाही. परत दिला, तर पोट रक्ताळलं. फ्रीजरमध्ये ठेवला तर किडे मरतात, पण त्यांची घाण धुतल्याशिवाय जात नाही. जन्मभर लोकांचे डाग काढले गं मी, पण याला पाणी लावायचा धीर होत नाही. कॉलरला अजून त्याचा वास आहे. माझ्याहून तुझा हक्क मोठा. तू सांगशील तसं करीन.

लोभ धरून राहा.

आई

१६ मे

ती. आईंना सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला. ‘कुत्र्यासाठी?’ असं मोठ्याने म्हणाले, खोलीत कोणी नसताना. धुवू नका, मला पाठवा, असं एक पत्र लिहून फाडून टाकलं. मी त्याचे जे कपडे आणले ते सगळे धुऊन, घड्या घालून आणले. त्या दिवसांत आपण काय करतोय हेच कळत नव्हतं. त्याचा वास असलेलं माझ्याकडे काहीच नाही.

पण बटण्याला त्यानेच जॅकेटच्या खिशातून घरी आणलं होतं. ते पोर रक्त येईस्तोवर खाजवतंय हे त्याने एक दिवसही चालवून घेतलं नसतं. धुवा. फक्त त्याआधी माझ्या वाटचा एकदा वास घ्या.

पदरात घेतलंत तसंच असू द्या.

तुमची सून

२८ मे

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

आधी फ्रीजरमध्ये ठेवला, मग काढून तुझ्या वाटचा वास घेतला. मग माझ्या. ह्यांना विचारलं तर नको म्हणाले आणि गल्ल्यावर जाऊन बसले. मशीन लावलं नाही. गार पाण्यात हाताने धुतला. पाणी आधी करडं आलं, मग स्वच्छ. या धंद्यात स्वच्छ पाण्याचीच वाट बघायची असते. ते आलेलं बघून मी पहिल्यांदाच रडले.

वाळल्यावर खुर्चीवर अंथरला. बटण्याने उलटसुलट हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि खाली उतरला. पुन्हा त्या खुर्चीवर चढला नाही. दुकानात इस्त्रीच्या टेबलाखाली झोपतो. पोटावर केस येताहेत, डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी मात्र चालूच राहील. ज्याच्यासाठी धुतला त्यालाच तो नकोसा झाला, हे तुला कुठल्या तोंडाने कळवू म्हणून पत्र लांबलं.

आज सकाळी बघते तर ह्यांनीच तो अंगात घातलेला. एवढ्या उकाड्यात. घामाने डबडबले होते, तरी काढायला तयार नाहीत. आपला मुलगा उंच, ह्यांना बाह्या बोटांच्याही खाली येतात.  इस्त्रीला लागून भाजेल म्हणून बाह्या तेवढ्या दुमडून दिल्या.

लोभ असू दे, आम्हा तिघांवर.

तुझी आई