गुरूची संतती

रत्नागिरी,
ता. १२ एप्रिल १९३४

चि. लवू यास,

मथुराताईचे आशीर्वाद. मुंबईत उकाड्याने हैराण झाला असशील. इथेही विहीर तळाला गेली आहे. घरकामाच्या चिमाने अंगणात आमसुलं वाळत घातली आहेत आणि दिवसभर कावळे हाकलते आहे. गुहागरहून तुझ्या आईचा निरोप आला होता. तिची कंबर आता बरी आहे.

तुझा निकाल पेपरात आला तेव्हा बापूंनी आळीभर साखर वाटायला लावली. मी वाटली. "आमचा लवू डॉक्टर झाला," असं दारोदार सांगितलं. हसून सांगितलं. घरी येऊन हात धुतले, तरी बोटं चिकटच वाटत राहिली.

नाताळातलं तुझं व्याख्यान अजून लोकांच्या तोंडी आहे. मी बायकांच्या बाजूला खांबाआड बसले होते. तू सांगत होतास, ग्रीस देशात पूर्वी आजारी माणसं देवळात जाऊन झोपत, देव स्वप्नात येऊन उपाय सांगेल म्हणून. मग कॉस बेटावरच्या वैद्यांनी देवाची वाट बघणं सोडून रोग्याकडे बघायला सुरुवात केली, त्याचा ताप, घाम, झोप. ही विद्या आधी ठरावीक घराण्यांत बापाकडून मुलाकडे जायची. हिपोक्रेटिसने ती परक्या मुलांना शिकवली म्हणतात, आणि तेव्हापासून वैद्यकी हा शिकून करायचा पेशा झाला. परक्या मुलाने फक्त शपथ घ्यायची, की गुरूला बापाच्या जागी मानीन.

हे सगळं मी तुझ्याआधी ऐकलं आहे, लवू. परकरात होते तेव्हापासून, बापूंच्या ताटाशी बसून. तू सांगितलंस आणि टाळ्या पडल्या. बापू उठून म्हणाले, "हा माझा मुलगा." डोळे पुसले त्यांनी. माझ्या लग्नात पुसले नव्हते. घरी येताना तुम्ही दोघं पुढे बोलत चाललात आणि मी मागून तुमच्या दोघांच्या शाली घेऊन.

तू बापूंच्या दवाखान्यात आलास तेव्हा तुझा पाय मोडलेला होता आणि वडील बोटीवर गेलेले परत आले नव्हते. मला तुझी दया आली होती. पाय बरा झाला, तू आमच्याच घरी राहिलास. बापू तुझा हात धरून रोग्याच्या पोटावर ठेवायचे, "दाब, काय लागतं सांग." मी खेडहून, नवरा गेल्यावर परत आले, तेव्हा मलाही वाटलं, आता माझा हात धरतील. ते म्हणाले, "घर सांभाळ हो, मथुरे." मी सांभाळलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. होळीनंतर बापूंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आहे. बोलणं जड झालं आहे, पण समजतं सगळं. शुद्धीवर येताच त्यांनी तुझं नाव घेतलं. "लवूला कळव," म्हणाले. मी उशाशी होते. मी कळवलं नाही. रोज विचारायचे, आणि मी सांगायची, बोट चुकली असेल, सुट्टी नसेल.

दवाखाना बंद आहे. माणसं पायरीवर बसून परत जातात. परवा मिरजोळ्याची एक बाई ताप आलेलं मूल घेऊन आली होती. मी तिला सिव्हिलात पाठवली आणि आत येऊन बापूंना म्हटलं, "मी आहे ना इथे!"

"तू आहेसच गो," ते म्हणाले. "पण दवाखान्याला माणूस लागतं."

मग मला राहवलं नाही. "लवू शपथेने तुमचा मुलगा झाला. मग मी कोण झाले?"

चिमा दारातून म्हणाली, "बाय, आजारी माणसाशी असा बोलतात?" मी तिला गप्प केलं.

बापूंनी नजर आढ्याकडे वळवली. मग अडखळत शपथेतलं पुढचं वाक्य म्हणाले. इतकी वर्षं ते गुरूला बाप मानण्याच्या पहिल्या वाक्याशीच थांबायचे. "गुरूच्या संततीला सख्ख्या भावाप्रमाणे मानीन, आणि त्यांना ही विद्या शिकायची असेल तर मोबदला न घेता शिकवीन."

"संतती म्हणजे मुलगेच का?" मी विचारलं.

"मी तसंच धरून चाललो," ते म्हणाले. डाव्या हाताने माझं मनगट चाचपलं. "शब्द संतती असाच आहे."

तेव्हा, लवू, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत ये. बापू वाट बघताहेत. दवाखाना तुला मिळेल, मी आड येणार नाही. पण रोग्याच्या पोटावर तू हात ठेवशील तेव्हा शेजारी माझा हात असेल. मॅट्रिकला मी बाहेरून बसेन. तुमच्या कॉलेजात मुली असतात हे तूच सांगितलं होतंस.

तुझा हेवा सरला असं समजू नकोस. हे लिहितानाही वाटतो आहे, कारण ज्याच्यावर माझा हक्क होता ते मला तुझ्याकडे मागावं लागतं आहे.

उत्तर बापूंच्या नावाने पाठवू नकोस. माझ्या नावाने पाठव.

शिकायला बसलेली,
मथुरा