पाया पडणारे रेणू

तीर्थपुरी,
गुरुवार

तीर्थस्वरूप सत्यशीलाआक्कास,
दैवशालाचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून, खाली बसून लिहिते आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? शहागडला ट्रकांची धूळ फार, त्यांना तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर सोडू नकोस. दोन महिने तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर विचारते आहे.

इकडे सगळे बरे. कॉलेजात मात्र माझी फजिती झाली. अकरावीच्या मुलींना वायूंचा गतिज सिद्धांत शिकवत होते. (पत्र खाली ठेवू नकोस, सोपे आहे. हवेतले रेणू सरळ रेषेत पळतात, एकमेकांवर आदळतात आणि पुन्हा पळतात. आदर्श वायूत तर त्यांना एकमेकांची ओढच नसते. धक्का लागला की आपल्या वाटेने चालू लागायचे.) फळ्यावर हे कुणाला पटेना, म्हणून मैदानावर फक्कीने चौकोन आखला, बावीस मुली आत सोडल्या आणि सांगितले, तुम्ही रेणू, धक्का लागला की दिशा बदला, थांबायचे नाही. प्राचार्य साहेबराव सरांनाही हौसेने बोलावले.

पहिल्याच टकरीत शिवकन्येचा पाय तृप्तीला लागला. शिवकन्या वाकली, पाया पडली. मागची त्या दोघींवर अडखळली, तिचाही पाय लागला, तीही वाकली. पाच मिनिटांत सगळे रेणू एकमेकींच्या पाया पडत होते आणि माझा वायू जागच्या जागी थंड झाला. रेणू पाया पडत नसतात, असे मी ओरडले, तर शिवकन्या म्हणते, "मॅडम, पाय लागल्यावर मंग तसंच जावं का? बराबर दिसत न्हाई." सर म्हणाले, "पोरी आदर्श हायेत मॅडम, वायूचं तुम्ही बघा."

मुली हसत वर्गात गेल्या. मी फक्कीच्या चौकोनात जरा वेळ उभी राहिले.

बाकी खुशाली. यांनी मोसंबीची दोन कलमे लावली होती, एक जगले. यांना तेवढ्यातही समाधान आहे, आणि मलाही.

तुझी धाकटी,
दैवशाला

ता. क. दोन महिन्यांपूर्वी, तुझ्या कल्याणच्या लग्नात, पंगतीत, माझा पाय तुला लागला होता. हातात वरणाची बादली होती, पुढून हाका येत होत्या, मी तशीच गेले. तुला वाटले असेल, हिला कळलेच नाही. कळले होते, आक्का.

आणखी एक. रविवारी सकाळच्या बसने येते. ओसरीवर पाय पसरून बस. कुणी विचारले तर गुडघे दुखतात म्हण. मी वाकले की लगेच "राहू दे" म्हणू नकोस. ती वरणाची बादलीही आणते आहे, लग्नानंतर माझ्याकडेच राहिली. ती तुझीच होती.