घुमट थांबेपर्यंत

तुये, पेडणे
९ मार्च २०२५

चि. सौ. गौरवी हिला बाबाचे अनेक आशीर्वाद.

फोन करायला तोंड नाही, म्हणून लिहितो. वास्कोच्या प्रयोगाला तुझ्या ऑफिसची मंडळी येणार म्हणून ओळख दाखवणार नाही, असा शब्द मी तुला दिला होता. तू ऑफिसात बाबाचा टायरचा शोरूम आहे असे सांगितलेले आणि मी स्टेजवर पंक्चर काढणारा. नाटकच तसले, हायवेवरचा पेट्रोल पंप, आपल्या आनंदीमावशीचे भाजीपावाचे हॉटेल आणि गिटार-घुमटावरची गाणी. माझे काम मला शिकावे लागले नाही एवढेच.

शेवटच्या गाण्यात आपल्या गावच्या रिवाजाने समोर बसलेल्या घरच्या माणसाचे नाव घेतात. सवयीने माझ्या नावासकट ‘बाबलीची गौरवी’ निघून गेले. माणूस उठून हात जोडीपर्यंत घुमट थांबत नाही, आणि घुमटावरचा शिवदास वाजवतच राहिला. तू उठली नाहीस, बरे केलेस. कोणी म्हातारी बाई उठली म्हणून सुटलो. दिव्यांपुढे तिचे तोंड दिसले नाही. बाय, मला फार लाज वाटते. पुढच्या प्रयोगातून तुझे नाव काढले आहे.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा बाबा

वास्को
१५ मार्च

ती. बाबांस गौरवीचा सा. न.

ती म्हातारी बाई म्हणजे आमच्या आई, तुमच्या विहीणबाई. माझ्याच शेजारी बसल्या होत्या. गुडघे दुखतात तरी उठल्या, आणि मी चपलांकडे बघत बसले. व्याह्यांनी नाव घेतले आणि घरचे कोणी उठले नाही असे कसे चालेल, एवढेच त्या वाटेत म्हणाल्या. तेव्हापासून घरात त्यांच्याकडे बघवत नाही.

तुमच्याकडून तसला शब्द घेतला याची लाज मला वाटायला हवी, तुम्हाला नव्हे. ऑफिसात खरे सांगितले. फोंड्याच्या प्रयोगाला ती मंडळीही येणार आहेत. माझे नाव परत घाला.

आनंदीमावशींना नमस्कार. मला पदरात घ्या.
तुमची गौरवी

तुये
२१ मार्च

चि. गौरवीस आशीर्वाद.

नाव घातले. विहीणबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवतो. तू मात्र मनावर ओझे घेऊन येऊ नकोस. शिवदासाला सांगून ठेवले आहे, तू उठली नाहीस तर घुमट लगेच थांबवायचा.

बाबा