मोह घराबाहेर काढा

३ ऑक्टोबर
सासूची तेरवी झाली. पंगत अंगणात बसवली. वांग्याची भाजी शेवटी कमी पडली, बाकी सगळं पुरलं. लोक उठता उठता नणंद सगळ्यांसमोर ह्यांना म्हणाली, "दादा, तूच नेऊन ठेवला ना मोह मायच्या खाटेपाशी?" हे पत्रावळी गोळा करत होते, तसेच वाकलेले राहिले. वर्षभर माझं तोंड चालतं हे गावाला माहीत आहे. आज नेमकी दातखीळ बसली.

५ ऑक्टोबर
नणंद सकाळच्या गाडीने चामोर्शीकडे गेली. आता घरात आम्ही दोघंच.
श्रावणात वनरक्षक सांगून गेला होता. हत्ती आलेत, मोहफुलं घरात ठेवू नका, वासावर येतात, भिंती पाडतात. सगळे हसले. वाघ आम्हाला कळतो, कुठे पाणी पितो, कुठल्या वाटेने जातो. हत्ती आम्ही देवळातच पाहिलेला. सासू म्हणाली, "गणपतीच तो. आला तं हळदकुंकू लावू." ओसरीवर पोती दमट व्हायला लागली तशी ह्यांच्या मागे लागली, "माह्या मोहाले बुरशी लागून राह्यली, तुले दिसत नाई काय?" चैतात तिने वाकून वाकून वेचलेला मोह. आईने सांगितलं, मुलाने पोती आत तिच्या खाटेपाशी नेली. एवढंच झालं.
हत्ती आला तेव्हा हे शेतावर जागलीला होते, डुकरं हाकलत. मी मागच्या खोलीत. मातीची भिंत खाटेवरच्या सासूवर पडली. हत्तीने तिला शिवलंही नाही. मोह खाल्ला आणि गेला.

९ ऑक्टोबर
पडक्या भिंतीला ताडपत्री लावली आहे. हे तिच्यासमोर बसून असतात. म्हटलं, माती कालवू का, निदान खालचे दोन थर घालू. "कायले?" दिवसभरात तेवढा एकच शब्द.
फवारणीचं औषध मी गिरजाबाईच्या घरी ठेवून आले. ती काही विचारत नाही, चांगली शेजारीण आहे. मला भीती वाटते.

१४ ऑक्टोबर
घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वनरक्षक आला. कळप फिरून नदीपलीकडच्या गावांकडे निघालाय. ह्यांना म्हणतो, "भाऊ, आमचं कोणी ऐकत नाई. तुमी सांगसान तं ऐकतीन." मी चिडले. म्हटलं, माझा नवरा काय अस्वलवाल्याचं अस्वल आहे का गावोगाव फिरवायला? माय मेली ते दाखवायचं का लोकांना? बिचारा गाडी वळवायला लागला. तेवढ्यात हे उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि त्याच्या मागे बसले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१५ ऑक्टोबर
आज मीही गेले. एकटं सोडवेना.
नदीपलीकडच्या एका गावात मारुतीच्या पारावर माणसं जमली. हे उभे राहिले. "मोह घरात असन तं काढा. माही माय..." लोक खाली बघायला लागले. मला वाटलं धावत जावं आणि ओढत घरी आणावं. एक म्हातारी म्हणाली, "मोह बाहेर ठेवला तं मले झोप नाई येत, बापू." हे तिच्या घरात शिरले, पोतं पाठीवर घेतलं आणि गावाबाहेरच्या पंचायतीच्या टिनाच्या शेडमध्ये टाकून आले. म्हातारी मागे ओरडत. मग आणखी दोन घरांनी दिला. बाकीच्यांनी दारं लावून घेतली.
घरी येऊन हे जेवले. दोन भाकरी. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२२ ऑक्टोबर
रोज जातात. आपला धान कापायला आला, कापणीला बाया सांगायच्या मीच, विळे काढायचे मीच. दुसऱ्यांच्या आयांसाठी पाय आहेत, स्वतःच्या घराची भिंत उघडी. राग येतो, का येऊ नये? गावात म्हणतात, पाप धुऊन राह्यला. नणंदेचा फोन: "आता शायना झाला का दादा?" मी फोन ठेवून दिला.

२७ ऑक्टोबर
आज बांधावर डबा खाताना आपणहून बोलले.
"दर गावात सांगाव लागते. दर वेळी माय मरते."
"मग कायले जाता?"
"न सांगता तरी कुठी जिती राह्यते."
मग पाणी मागितलं. मी दिलं.

२ नोव्हेंबर
पोतं उचललेल्या म्हातारीच्या गावात हत्ती गेले. शेड भुईसपाट, मोह फस्त. घरांना धक्का नाही, माणसं सगळी आहेत. वनरक्षक सांगत होता, म्हातारी ह्यांना शिव्या देते आहे. "माहा मोह त्या चोरानं हत्तीले खाऊ घातला." ह्यांनी दोनदा विचारलं, काय काय म्हणाली? त्याने सगळ्या शिव्या पुन्हा सांगितल्या. ऐकून हे न्हाणीकडे गेले, बराच वेळ तोंड धूत राहिले.

५ नोव्हेंबर
कळप आता चामोर्शीच्या बाजूला. नणंदेचं गाव जंगलाला लागूनच. हे सकाळी एसटीने गेले. तिने तेरवीलाच सांगितलंय, माह्या दारात पाय ठेवू नको. मी म्हटलं, मी जाते. "नाई. मलेच जा लागन."
ते निघाल्यावर मी नणंदेला फोन केला. म्हटलं, दादा येतोय, दार उघड की उघडू नको, पण मोह असेल तर बाहेर काढ.
"हाये एक पिशवी. मायनं पाठवली होती, चैतात."
"मग काढ ना."
"अंबाडीच्या दोरीनं तोंड बांधलं हाये, वयनी. तिच्याच हातची गाठ. मी अजून सोडली नाई. डोक्यापाशी घेऊन झोपतो."
तिने फोन ठेवला.
ह्यांना हे माहीत नाही. त्यांचा मोबाइल घरीच खाटेवर राहिलाय. सकाळची गाडी एव्हाना पोचली असेल.