टेकडीवरच्या शेवटच्या नळापर्यंत

३ मार्च
झोप नाही. पंपाचा हेड पुन्हा काढला — म्हणजे पाणी किती उंच ढकलायचं त्याचा हिशेब. चढ बासष्ट मीटर, पाइपात घासून जाणारा जोर अकरा, नळाला बरी धार लागावी म्हणून वर सात. झाले ऐंशी. मी शंभरचा पंप मागवावा म्हणते. साहेब म्हणतात, एवढा कशाला, नव्वद पुरे. त्यांना काय, त्यांची सासू टेकडीवर राहत नाही!

५ मार्च
खरं लिहून टाकते, इथे कोण वाचतंय. टेकडीवरचं शेवटचं घर सासूबाईंचं. गुडघे गेलेत, तरी खालच्या टाकीवरून कळशी भरून वर नेतात. ह्यानं ठरवलंय — वर पाणी चढलं नाही, तर आईला आपल्याकडे आणायचं, तिनं कितीही नाही म्हटलं तरी. आमच्या खोल्या दोन! मागे महिनाभर राहिल्या, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातला एकेक डबा जागचा हलला. साखर समजून चहात मीठ घातलं मी, आणि रडले. म्हणून हे जास्तीचे मीटर इंजिनिअरचे की सुनेचे, माझं मलाच कळत नाही.

८ मार्च
वर जाऊन आले. नकाशाच चुकलाय. मोजणारे पायऱ्यांपाशी थांबले, दमले असणार. घर त्याच्याही वर. पारदर्शक नळीत पाणी भरून टप्प्याटप्प्यानं लेव्हल घेतली. नळीचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं, हात जराही हलू दिला नाही. नऊ मीटर जास्त! म्हणजे नव्वदचा पंप अगदी काठावर. जीव भांड्यात पडला — शंभर खरंच लागणार.

निघताना त्यांनी विचारलं, "येईल का गं?" येईल म्हटलं.

९ मार्च
साहेब भडकले. एका घरासाठी शंभरचा पंप? खालच्या आळीतले पाइपांचे सांधे दाबानं उडतील. बरोबरच आहे त्यांचं. आळीच्या तोंडाशी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालू म्हटलं. वाद घालून घसा बसला. शेवटी हो म्हणाले.

घरी सांगितलं, तर हा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "तुला आई नकोच आहे ना?"

मी त्याला आणखी भात वाढला.

२ एप्रिल
पंप बसला. उद्या चाचणी. नखं खाऊन संपली.

३ एप्रिल
मी खाली पंपाशी, हा वर नळापाशी फोन धरून. दाबाचा काटा चढला आणि थांबला. वर नुसती फुसफुस! पाइपात हवा कोंडलेली. पळत जाऊन मधल्या वळणावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडला. बराच वेळ काही नाही. मग हा म्हणाला, "आलं." आणि फोन ठेवला.

जिंकले. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

४ एप्रिल
सकाळी दारात सासूबाई. हातात ट्रंक.

"कधीचं यायचं होतं गं. पण म्हातारी पाण्यासाठी लेकाच्या दारी गेली, असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं. आता पाणी आलंय घरात. माझं अंथरूण कुठे घालू?"