पारावर वाचलेला कागद

प्रिय शांतीलाल यास,

लोटनचा नमस्कार. पाच वर्षांनंतर माझे अक्षर पाहून तू हे पत्र न वाचता फाडलेस, तरी तो तुझा अधिकार आहे. वाचलेस तर मात्र शेवटपर्यंत वाचावेस.

माझी प्रकृती ठीक आहे. तापीला यंदा पाणी कमी. निंबाचा पार तसाच आहे आणि दुपारी चार वाजता मी अजूनही तेथे वर्तमानपत्र घेऊन बसतो. परंतु ऐकायला दोन म्हातारे येतात, तेही सावलीसाठी. आपल्या वयाच्या मंडळींत चौथी उत्तीर्ण झालेले आपण दोघेच. तुझे अक्षर सुंदर, माझा आवाज मोठा. म्हणून वाचनाचे काम माझ्याकडे आले. त्याचा मला किती अभिमान होता, हे तुला वेगळे सांगावयास नको.

गुजरातेतल्या व्याऱ्याहून तुझ्या मामांचे आलेले पोस्टकार्ड आठवते का? घरी तुम्ही आपली गुजरी बोली बोलत असा, पण ती शिरोरेघ नसलेली गुजराती अक्षरे तुला लागत नव्हती. आपण ते उलटसुलट करून पाहिले आणि अखेर दुकानदाराकडे नेले. कोणी वारले असेल म्हणून तू वाटभर रडलास, आणि मामांना मुलगी झाली होती. पुढेही ती लिपी तू कधी शिकला नाहीस.

सन १९६० मध्ये राज्यांच्या सीमा ठरत होत्या आणि तू पंचायतीला उभा होतास, तेव्हा तालुक्याहून आलेल्या तिघांनी ते पत्रक माझ्या हाती दिले. पार भरला होता. ज्या आवाजात मी वर्तमानपत्र वाचतो, त्याच आवाजात वाचले, की शांतीलालने आपले गाव गुजरातेत घालण्याचा अर्ज केला आहे. खाली त्याची सही. छापलेले खोटे नसते, ही आपल्या मास्तरांची शिकवण. ‘आप्पानी वाचं, म्हनजे खरंच शे,’ असे माझ्याकडे बोट दाखवून म्हणत लोक उठले आणि भर दुपारी त्यांनी तुझी केळीची बाग तोडली. तोडणाऱ्यांत तुझ्या पंक्तीला जेवलेली माणसे होती. तू जसोदावहिनींना घेऊन व्याऱ्याला गेलास, तेव्हा तेच म्हणाले, ‘दखा, गया ना गुजरातमा!’ तुझे जाणे हाच पुरावा ठरला.

गाव महाराष्ट्रातच राहिले. तसा अर्ज कधी आलाच नव्हता, हे पुढे कचेरीतून कळले. क्षमा कोणी मागितली नाही. लोकांनी एवढेच ठरवले की यापुढे कोणत्याही कागदावर विश्वास ठेवावयाचा नाही.

यंदा चैत्रात पटकीची साथ आली. विहिरीत औषधाची पूड टाकावी, अशी सरकारी सूचना मी पारावर वाचली. आपला जुना सोबती दगा हसून म्हणाला, ‘आप्पा, हाऊ बी शांतीलालना कागद शे का?’ सगळा पार हसला. पूड कोणी टाकू नये म्हणून विहिरीवर माणसे काठ्या घेऊन बसली. पाचव्या दिवशी दगाची बायको फुलवंताबाई गेली. तिला पोहोचवून माणसे परतत असताना रायसिंग एकटा पूड घेऊन विहिरीवर गेला. हा डोंगरातून येऊन येथे वसलेला शेतकरी. त्याने शिव्या खाल्ल्या, काठ्या खाल्ल्या, पण पूड टाकली. साथ थांबली.

आता रायसिंग पंचायतीला उभा आहे, आणि काल नवे पत्रक आले आहे. त्याच्या पुडीनेच माणसे मेली, असे त्यात छापले आहे. फुलवंताबाईचे सरण आधी पेटले आणि पूड नंतर पडली, हे गावाने डोळ्यांनी पाहिले आहे; तरी पत्रक आणणारे मला म्हणाले, ‘आप्पा, तुम्हीच वाचा. तुमना आवाजमा लोके ऐकतस.’ खरे वाचले की हसतात, आणि खोटे वाचण्यासाठी मला बोलावतात.

शांतीलाल, त्या वेळच्या पत्रकावरील तुझी सही गुजराती लिपीत होती. पहिली ओळ वाचतानाच माझी नजर खाली गेली. शिरोरेघ नव्हती. मला ते पोस्टकार्ड त्याच क्षणी आठवले; ही सही तुझी असणे शक्य नव्हते. परंतु सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मध्येच थांबून ‘हे खोटे आहे’ असे म्हणणे मला कमीपणाचे वाटले. म्हणून मी आवाज अधिक चढवला. येत्या सोमवारी पार भरेल. पत्रक माझ्या खिशात राहील आणि मी या पत्राची नक्कल वाचेन. कोणी विश्वास ठेवील, अशी आशा मला नाही. गावाच्या आधी तुला कळावे, म्हणून मूळ पत्र आजच्या टपालाने पाठवीत आहे.

तुझाच, असे लिहिण्याचा अधिकार उरलेला नसतानाही,
लोटन